चुकीच्या बाजूची गाडी

देवावर माझा विश्वास होता, पण पुराव्यानिशी. खोटं कशाला बोलू! माझं कामच तसलं. चारशे वर्षांपूर्वी युरोपातले धर्माधिकारी चमत्कारांची चौकशी कशी करत, यावर मी सिंगापूरमध्ये संशोधन करते. त्यांचे तीन कप्पे असत: रोजचं नैसर्गिक, विरळा पण निसर्गातलंच, आणि फक्त देवालाच जमेल असं. आजारी माणूस बरा झाला की पहिला प्रश्न, औषध घेतलं होतं का? हो म्हटलं की चमत्कार बाद. एका जबानीत एक विणकरीण सांगते, "नवऱ्यासाठी वैद्यही आणला आणि नवसही बोलले." झालं, बाद! समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'भाबडी'.

त्या शनिवारी सकाळी सेंगकांग वसाहतीतल्या एलआरटीच्या, म्हणजे छोट्या लोकल रेल्वेच्या, फलाटावर माझा नवरा बोलता बोलता कोसळला. हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही. लहानपणी आई देवाचा धावा करायची तशी मी ओरडले, "दत्ता, धाव रे!"

तेवढ्यात आलेल्या गाडीतून पन्नाशीच्या एक चिनी बाई उतरल्या. हातातली पिशवी टाकून त्या थेट त्याची छाती दाबायला लागल्या. भिंतीवरचं झटका देणारं मशीन त्यांनी मला आणायला लावलं, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या हटल्या नाहीत. त्या नर्स होत्या. तिथे त्यांना उतरायचंच नव्हतं. आमची एलआरटी गोल फिरते, त्यांनी नेमकी उलट दिशेची धरली होती आणि चूक कळली म्हणून उतरल्या होत्या. "आय टेक राँग साइड, लाह," त्या ओशाळून इथल्या लकबीत शेवटी 'लाह' लावत म्हणाल्या. "फर्स्ट टाइम."

हॉस्पिटलमध्ये स्टेंट घातला. "आता धोका नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि मी तिथेच हमसून हमसून रडले. जीव भांड्यात पडल्यावर माणूस इतकं रडतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग बाकावर बसून सवयीने कप्पे लावायला घेतले. हात नर्सचे, मशीन स्टेशनवरचं, गाडी चुकलेली. सगळं निसर्गातलंच की! माझी जबानी पहिल्याच प्रश्नाला बाद झाली असती. पण दत्ताला मारलेली हाकही खोटी नव्हती. वैद्य आणि नवस, मीही दोन्ही केलं होतं.

काल पुन्हा कामाला बसले. ती जबानी काढली आणि खोडरबराने 'भाबडी' पुसून टाकलं. मनातल्या मनात त्या विणकरणीची माफी मागितली. तेवढ्यात आतून नवरा ओरडला, "अगं, चहात साखर विसरलीस!" विसरले कुठली, डॉक्टरांनीच बंद केलीय. मी हात जोडले. म्हटलं, दत्ता, ही कटकट घरात अशीच राहू दे, कप्पे तुझे तू लाव.