दाजींच्या गाडीचा गिअर

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर दोनचार वर्षांनी आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांनी, एका जहागीरदाराच्या पडवीतून अमेरिकन मोटार आणली. आठ सिलिंडरांची, लांबलचक आणि क्लच नसलेली. गिअर आपोआप पडायचे. उस्मानाबादेत ते कुणाला पटेना. लोक वाकून पायाशी बघायचे आणि विचारायचे, "एक पायंडल चोरीला गेलंय व्हय?"

संक्रांतीला दाजींनी मला सोलापूरच्या गॅरेजातून बोलावून घेतलं. "मेव्हणे, नोकरी सोडा. गाडी दोघांची. येडशी टेशनावरची माणसं तुळजापूरला न्यायची. तुम्ही चालवा, मी गिऱ्हाइकं गोळा करतो." मी नोकरी सोडली. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. गॅरेजवाल्याला निघताना ऐकवलं, की आता मी स्वतः गाडीमालक. म्हणजे परतीचं दार मीच जोरात लावून घेतलं.

गाडी पळायची झकास, पण एका गिअरातून दुसऱ्यात जाताना रेंगाळायची. इंजिन ओरडतंय आणि गाडी, निरोप घेतलेल्या बाया उंबऱ्यात बोलत राहाव्यात तशी, जागच्या जागी. दाजींना ते खपेना. "गिअर पडला की मागच्याची टोपी हलली पाहिजे," म्हणाले.

मग मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्समधले पट्टे आवळले. तेलाचा दाब वाढावा म्हणून स्प्रिंगमागं घालायला एक वायसर, म्हणजे लोखंडी चकती, कानशीनं घासून तयार केलं. ते जाड झालं. गाडीनं असा हिसका दिला, की अक्काच्या मांडीवरचं दही दाजींच्या कोटावर. अक्का म्हणाली, "तू शीक बाबा, पण माझ्या दह्यावर नको." दुसरं वायसर पातळ घासलं. ते बरोबर बसलं. गिअर पडायचा, खट्, पाठीत थाप बसावी तसा.

मग एक दिवस दाजी म्हणाले, "बार्शीचे पाहुणे आलेत. जरा घाटात फिरवून आणू."

पाहुणे मागं ऐसपैस बसले. चढाला मी गाडी दाबली. खट्! पाहुण्यांची टोपी डोळ्यांवर आली.

"आयला, काय दणका!"

"आमच्या मेव्हण्यांच्या हातचं काम," दाजी म्हणाले.

मग मी कशाला गप्प बसतोय? पट्टे, तेल, वायसर, सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी विचारलं, "टिकंल का?"

"डोळे झाकून कुणाच्याही हातात द्या!" मी म्हणालो. दाजी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, डोंगर बघतायत.

घरी अक्कानं पुरण घातलं होतं. जेवताना पाहुणे खुशीत बोलून गेले, "मागं बघितली तेव्हा गिअर सैल होता. म्हटलं, आधी नीट करा, मग घेतो. तर हे म्हणाले, घरचाच मिस्त्री आहे, बोलावतो."

"मागं म्हणजे कधी?" मी विचारलं.

"दिवाळीत की."

दाजींनी खुंटीवरची किल्ली काढून पाहुण्यांच्या हातात दिली.

"दाजी, गाडी दोघांची ना?"

"तसं म्हटल्याबिगर तुम्ही आला असता का, मेव्हणे?" दाजी हसत म्हणाले. जसं काही मीही हसणार होतो.

मी अक्काकडं वळलो. "तुला ठाऊक होतं?"

तिनं मान वर केली नाही. "अजून एक पोळी घे," म्हणाली. अक्का मला कधी आग्रह करत नसे. मला उत्तर मिळालं.

पाहुणे गाडी घेऊन निघाले. ऐकू येऊ नये म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, तरी कोपऱ्यावर गिअर पडलेला ऐकू आलाच. खट्. आणि निर्लज्जासारखं पहिलं मनात आलं ते हेच, की बरोबर बसलंय वायसर.

आता पन्नाशी आली. दाजींकडं सणावाराला जातो, हसतो, बोलतो. पुरणपोळी वाढायला अक्का आली, की मात्र मी ताटावर हात आडवा धरतो. तीही मग पुढच्या पानाकडं सरकते. आग्रह करत नाही.