बाब आणि बॉय

डिचोलीच्या आमच्या कचेरीतले हेडक्लार्क पायांकडे पाहून माणसाला हाक मारतात. बूट असले तर मानाचं 'बाब', चप्पल असली तर 'बॉय'. मग चप्पलवाला सत्तरीचा का असेना. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिच्या बळावर मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, पण चार वर्षं बॉयच आहे. एकदा मी म्हटलं, "सर, मला नावानं हाक मारा." "जाता, बॉय," असं कोकणीत 'बरं' म्हणत ते चष्मा पुसू लागले. तेव्हापासून बूट घ्यायचेच नाहीत, असं मी हट्टानं ठरवलं आहे.

गेल्या सोमवारी माझे वडील रहिवासी दाखल्यासाठी आले. खाणीवर ट्रक भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढून ते अनवाणी आत आले.

"बॉय, भायर राव," हेडक्लार्क म्हणाले. वडील मागे सरून दाराबाहेर उभे राहिले.

मी उठून म्हणालो, "सर, ते माझे वडील आहेत."

"पयलीं सांगपाचें न्हय रे?" म्हणत ते उठले. जिच्यावर ते कुणालाही बसू देत नाहीत, ती आपली उशीची खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. "बसात, बाब." या वेळी त्यांनी पायांकडे पाहिलंही नाही.

मी बघतच राहिलो, तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "पळयता कितें, बॉय? बापायक च्या हाड."

वडील खुर्चीच्या कडेवर बसून हसत होते. मी चहा आणायला निघालो. चार वर्षं ज्यांच्यावर चिडलो, त्यांच्यावर आता धड चिडताही येईना.