पाहुणे कलाकार

माझे आईवडील छत्तीसगडातल्या सरगुजाकडून भंडारा जिल्ह्यात आले, राईस मिलमध्ये कामाला. माझा जन्म मिलच्या खोलीतलाच. नवा धान निघाला की आई त्या खोलीच्या भिंतीवर मातीकाम करायची. मातीत भुसा आणि शेण कालवून पोपट, झाडं, हात धरून नाचणाऱ्या बाया. सगळं भिंतीतून उठून आलेलं. तिच्या माहेरी घरोघरी करतात तसं. पुढे बाबा गेले. मी चित्रकलेची शिक्षिका झाले, भंडाऱ्यासमोर, वैनगंगेपलीकडे कारध्याला घर बांधलं. गुळगुळीत रंगवलेल्या भिंतींना माती लावायला आईचा हात धजेना.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे मूर्तिकार दादा आले. ते मूळचे बंगालचे, वैनगंगेच्या काठी शेड टाकून गणपती आणि दुर्गा घडवतात. बाहेरून येऊन इथे वसलेल्या कलाकारांचं प्रदर्शन भंडाऱ्यात भरवायचं त्यांच्या मनात होतं. माझी चित्रं त्यांनी निवडली आणि विचारलं, "आईचं काय?"

"माहं काम भिंतीवरचं," आई म्हणाली. "भिंत उचलून आणू का?"

"आणू," मी म्हणाले.

प्रदर्शनासाठी घेतलेल्या हॉलच्या व्यवस्थापकांनी तिथल्या भिंतीला माती लावू द्यायला साफ नकार दिला. मग मी बांबूचा मोठा तट्टा आणला, मागून पट्ट्या ठोकल्या आणि अंगणात उभा केला. आईने पदर खोचला.

काम अर्ध्यावर असताना आम्ही दादांबरोबर जागा पाहायला गेलो. दारावर फलक लागला होता, 'पाहुण्या कलाकारांचे प्रदर्शन'. मी आईला वाचून दाखवलं. ती थेट व्यवस्थापकांकडे गेली.

"पाहुणा चार दिवस राह्यते अन् जाते. माह्या माणसाले इथंच अग्नी देला, पोरगी इथंच जन्मली. मी काहून पाहुणी?"

"मावशी, मान देऊनच लिहिलं ना!"

"मान राहू द्या," मी म्हणाले. "भंडाऱ्याचे कलाकार असं लिहा. नाही तर आमचं काम येणार नाही."

"माझंबी नाही," दादा म्हणाले. संध्याकाळपर्यंत फलक बदलला.

पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तट्ट्यावरची माती तडकली. नाचणाऱ्या बायांच्या कमरेतून भेगा गेल्या. मला रडू यायला लागलं. आईने एक एक बाई खरवडून काढली, मातीत आणखी भुसा घातला आणि म्हणाली, "रडून का राहिली? पाणी आण." शेजारच्या काकू धानाच्या बांधीवरून परतत होत्या. त्यांनी डोक्यावरचा भारा उतरवला आणि न विचारता माती तुडवायला लागल्या. त्यांच्या मागून त्यांच्या दोन्ही सुना आल्या.

सकाळी नव्याने घडवलेल्या बायांची ओली माती सांभाळत टेम्पो नदीच्या पुलावरून कसाबसा नेला. प्रदर्शनात आई दिवसभर त्या तट्ट्याजवळ उभी राहिली. कोणी विचारलं की सांगायची, "हे आमच्या गल्लीनं केलं."

आता गल्लीतल्या बायांनी समाजमंदिराची मागची भिंत तिला देऊन टाकली आहे. माती बोडीतून, गावाजवळच्या लहान तळ्यातून, त्याच आणतात. आई मुठीत दाबून पाहते, आणि नापसंत पडली की पुन्हा पाठवते. परवा तिने काकूंच्या धाकट्या सुनेला तीनदा पाठवलं. "मावशी, तुम्ही लई खट आहा," सून कुरकुरली, आणि टोपलं घेऊन परत निघाली.