घरपोच पेपर

आज पेपरचा गठ्ठा सोडला आणि ताज्या शाईच्या वासानं ती जुनी सकाळ आठवली.

नामांतराच्या वर्षांत सेलूत वार्ताहर मीच होतो आणि पेपर विकायचोही मीच. त्या सकाळी कापसाच्या वजनात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याची माझी बातमी छापून आली, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून तोच आला. माझ्या आधीच्या वार्ताहराचा हात त्याच्याच माणसांनी मोडला होता. बातमी उभ्यानंच वाचून त्यानं पेपरची घडी घातली.

"लय चांगलं लिवता. उद्यापसून घरी टाका पेपर. तुमीच येत जा, एकटे."

वर्षभर मी जीव मुठीत धरून गेलो. नजर सारखी दारामागच्या काठीवर असायची. आता मात्र आठवतं, तो रोज माझ्या आधीच ओट्यावर येऊन उभा राहायचा, आणि पेपर हातात पडताच आधी त्यात स्वतःचं नाव शोधायचा.