अकीकमधली लाल खूण
कपाट पुसताना अकीक दगडाची ती चकती हाती लागते आणि बडा गणपतीच्या देवळाजवळची आमची खोली आठवते. मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. तिथे तयार कापडातले दोष हेरून त्यांवर लाल तेलखडूने खूण करणारे बाबा आता दिवसभर घरीच बसून असायचे. एकदा मी कॉलेजातून ही चकचकीत घासलेली चकती आणली. त्यांनी सवयीने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि केसाएवढे बारीक, मधाच्या रंगाचे पट्टे उजळून निघाले. "क्या बारीक बुनाई आहे! कोणत्या लूमवरची?" मी सांगितलं, थंड होणाऱ्या लाव्हात बुडबुड्याची पोकळी राहते, तिच्यात झिरपणारं खनिजयुक्त पाणी कडेपासून आत एकेक थर चढवत जातं, कितीतरी हजार वर्षं. मग खिशात अजून असलेला तेलखडू काढून त्यांनी मधल्या खळग्यावर खूण केली. "बाकी बढिया, पण इथे माल कमी पडला, बेटा." "तो दोष नाही, बाबा. जागा रिकामी राहिली म्हणून तर तिथे स्फटिक वाढले." त्यांनी चकती तिरपी केली. खळगाभर कण लखलखले. "अरे बाप रे," म्हणत त्यांनी घाईघाईने अंगठ्याने खूण पुसली. स्फटिकांच्या फटीत थोडी लाली अजून आहे. चकती मी कधीच धूत नाही.