न खेळता मिळालेल्या विजयाबाबत

अर्जदार: मी, बोर्ली पंचतन येथील अर्जलेखक. विषय: कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचे सर, नाव मुद्दाम दिलेले नाही. साक्षीदार: संघाचा कप्तान.

सर बोलताना अदृश्य चेंडू आपटत असल्यासारखा पंजा हलवतात. यंदाच्या हंगामात प्रत्येक पराभवानंतर त्यांनी माझ्याकडून तक्रार लिहून घेतली. कधी रिंग वाकडी, कधी पंच आंधळा. हार त्यांना मान्यच नसे.

काल वाऱ्यामुळे फेरीबोट बंद राहिली, खाडीपलीकडचा संघ पोहोचला नाही आणि आमचा संघ विजयी ठरला. हंगामातला हा पहिलाच विजय. तो नसता तर कॉलेज संघच बंद करणार होते. तरीही सर आज कप्तानाला घेऊन माझ्याकडे आले.

"लिहा, विजय रद्द करून सामना खेळवावा."

कप्तान कळवळला, "सर, आयता गावलाय, घ्या ना! खेळलो तर हरनारच."

"काल एक तरी बास्केट टाकलीस काय रे?"

"समोर कोन न्हाय, कुनावर टाकनार?"

सर माझ्याकडे वळले. "हेच लिहा."

मी लिहिले. परंतु हे मुलांचे हित की अहित, मला उमगत नाही. तरी जिंकल्याची तक्रार करणाऱ्यास कोणता न्याय द्यावा, याचे उत्तर जाणकारांनी कृपया कळवावे.