मॅडम वर्गात शिकवत नसत

एफ.वाय.ला केमिस्ट्रीच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी वर्गात शिकवणार नाही." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. व्हिडिओ घरी बघून यायचे आणि वर्गात ग्रुप करून प्रश्न सोडवायचे. ग्रुप त्यांनीच पाडलेले, वर्षभर तेच राहणार.

घरी सांगितलं तर पप्पांना काही कळेना. ते ठाण्यात खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. "शिकायचं घरी आणि होमवर्क कॉलेजात? मग मॅडम काय करतात?"

"फिरत असतील बाकांमधून," मम्मी म्हणाली. खरंच फिरायच्या.

आमच्या ग्रुपमध्ये डोंबिवलीचा एक मुलगा होता, आईवडील दोघंही इंजिनिअर. कल्याणजवळच्या गावातली एक आगरी मुलगी होती, मोठ्या आवाजाची. आणखी दोघी एकमेकींच्या मैत्रिणी होत्या, त्या आपापसातच बोलायच्या. आणि ठाण्याच्या वर्तकनगरची मी. आम्ही बौद्ध. मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, पण हजेरीत आडनाव रोज वाचलं जायचंच.

चाचणी आधी एकट्याने द्यायची, मग तोच पेपर ग्रुपने. ग्रुपचं उत्तर एका कार्डावर नाण्याने खरवडायचं; बरोबर असेल तर खाली चांदणी दिसायची. पहिल्या चाचणीत आम्लाच्या एका प्रश्नाला मी एकटीने 'क' लिहिलेलं. ग्रुपमध्ये सगळे 'ब' म्हणाले. मीही पुटपुटले, "मला 'क' वाटतंय." कोणी वर बघितलं नाही. 'ब' खरवडलं. चांदणी नव्हती.

"अरे, मग 'क' असणार!" मुलगा म्हणाला. "तू काय लिहिलेलंस?"

"क."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना."

आगरी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "आयला, ऐकूच नाय आलं! पुढच्या टायमाला मी तुझ्या बाजूला बसतंय. तू सांग, मी वराडतंय."

आणि तसंच सुरू झालं. मी तिच्या कानात सांगायची, ती अख्ख्या ग्रुपला ऐकवायची. उत्तरं बरोबर यायला लागली. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. माझंच उत्तर दुसरीच्या तोंडून का ऐकलं जातं, हे मला कळत नव्हतं. तिच्यावर रागवावं तर डब्यातली भाकरी आधी ती मलाच द्यायची.

मग एकदा मी कानात सांगितलेलं चुकलं. तिने ठासून सांगितलेलं, म्हणून सगळ्यांनी मानलेलं. आपण चुकलो की आपल्या घरातले, वस्तीतले सगळेच चुकले असं धरलं जातं, हे माझ्या डोक्यात शाळेपासून बसलेलं. पण इथे मुलगा फक्त "चला, पुढचा" म्हणाला आणि नाणं माझ्या हातात दिलं. पुढच्या प्रश्नाला मी स्वतःच मोठ्याने बोलले. का, ते सांगता येणार नाही.

वर्षअखेरीस ग्रुपमध्ये सर्वांत जास्त मार्क मला पडले. कॅन्टीनमध्ये तोच मुलगा माझ्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "तुला काय, पुढे एम.एस्सी.ला सीट आरामात मिळेल." मनात काही नव्हतं त्याच्या. मी हसले. वर्षभर तो माझ्याशी वाद घालून हरत होता, तरी मार्क सोडून आडनावावर का गेला?

मी मॅडमना गाठलं. "मला ह्याच ग्रुपमध्ये का टाकलेलं?"

"मुद्दाम. वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र यावीत म्हणून."

म्हणजे मी वेगळी आहे हे त्यांना पहिल्या दिवशीच दिसलेलं. चांगलं वाटून घ्यायचं की वाईट, ठरेना. मी "थँक यू मॅडम" म्हणाले आणि निघाले.

आता मी एम.एस्सी. करतेय. सीट ओपनच्या लिस्टमधून मिळाली. त्या मुलाला सांगावं असं खूप वाटलं, पण मग वाटलं, राखीव जागेतून मिळाली असती तर मी गप्प बसले असते का? मेसेज लिहिला, पुसला. शेवटी आगरी मैत्रिणीला फोन केला. ती इतक्या जोरात ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.